तार

हूवेईच्या इस्पितळात, तळघरातल्या प्रयोगशाळेत,
पहाटे पावणेचारला
वेई यून-रू इन्क्यूबेटरचं दार उघडते.
सात नंबरच्या बशीत रात्रभरात
वसाहती उगवल्यात, टपोऱ्या, ओलसर,
जणू कुणी आत्ताच पाकातून काढून ठेवल्यात.

तारेचं वेटोळं ती एकीला टेकवते
आणि अलगद उचलते.

तुटत नाही.

वसाहत वेटोळ्यासोबत उठते,
ताणत जाते, बारीक होत जाते.
नियमाला पाच मिलिमीटर पुरले असते,
ही बोटभर झाली तरी लोंबतेच आहे
दिव्याखाली, एकतारी.

ती वहीत लिहिते: क्लेब्सिएला. तार: आहे.
मग फोन उचलते.

हा काही बाहेरून आलेला नाही.
वर्षानुवर्षं इथेच होता, आतड्याच्या वळचणीला,
पेजेतला, रताळ्यातला आपला वाटा घेऊन गप्प,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
फक्त अंगाभोवती विणत होता
साखरेचा अंगरखा,
कडीत कडी,
हलव्याच्या दाण्यावर पाक चढावा तसा
थरावर थर, मंद आचेवर.

ही साखर गोड असेल असं नाही.
जीभ लावून कुणी पाहिलेलं नाही.
निसरडी आहे, एवढं नक्की.
कदाचित तिची सुरुवात
कोरड्या दिवसांतलं पांघरूण म्हणूनच झाली असेल.

मग एका रात्री भिंत कुठेशी विरली
आणि तो यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरला.
पांढऱ्या पेशी धावल्या.
धरायचं आणि गिळायचं, एवढंच त्यांना येतं.
पण धरणार कशाला?
साबण लावलेलं पोर न्हाणीतून निसटावं
तसा तो सटकत राहिला.
रक्तातली प्रथिनं खुणेचे शिक्के मारायला आली,
शिक्के अंगरख्यावरच उमटले.
अंगाला काही लागलं नाही.
खाल्ल्या मिठाला जागायचं वगैरे
माणसांचे कायदे.

चौथ्या मजल्यावर लाय चिन-थू, वय एकाहत्तर,
उजव्या बरगडीखाली नळी,
नळीच्या टोकाला पिशवी.
चाळीस हंगाम साखर कारखान्यात
उकळत्या कढईपाशी काढलेले.
मापाची यंत्रं आली तरी त्यालाच हाक जायची:
अंगठ्यात नि तर्जनीत पाकाचा थेंब,
बोटं फाकवायची, तार बघायची
आणि सांगायचं, अजून... अजून... बस.
भाजून भाजून अंगठा इतका गुळगुळीत झालाय
की ठसा उमटत नाही,
विम्याच्या कचेरीतून दोनदा परत पाठवला होता.
चहा मात्र बारा वर्षं कोरा, बिनसाखरेचा.
रक्तातच इतकी आहे, सून म्हणते,
वरून कशाला.

सकाळी यून-रू वर येते. हे तिचं काम नव्हे खरं तर.
डॉक्टर त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारून गेलेत,
हा जंतू कधी कधी डोळ्यांपर्यंत पोचतो म्हणून.
सून खुर्चीत पेंगतेय.

"तुमच्यातला पाहिला मी रात्री," ती सांगते.
"कसा होता?"
ती हवेत बोटं फाकवते.

तो उशीवरून मान उचलतो, डोळे बारीक करतो,
तिचं मनगट धरून हात उजेडाकडे वळवतो.

"तुटली नाही?"
"नाही."
"मग उशीर केलात," तो म्हणतो,
"याच्या कितीतरी आधी उतरवायचा असतो."

यून-रू हसत नाही.
वाकून पिशवीवरची रेघ वाचते:
एकशे चाळीस.
कालच्यापेक्षा वीस कमी.